सगळं धरून

नाशिकच्या द्वारकेला घर असलं की पाहुण्यांना तोटा नसतो. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, पुण्याचा रस्ता इथेच येऊन मिळतो, आणि 2013 साली वरून उड्डाणपूल गेला तरी माणसं उतरतात ती खालीच, चौकात. धुळ्याकडून, नगरकडून, पुण्याकडून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या पहाटे थांबतात, अर्धवट झोपेतली माणसं पिशव्या सावरत रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि आमच्या घरी फोन वाजतो, "आम्ही द्वारकेला उतरलोय." एवढ्यावर बोलणं संपतं. पुढचं आईला ठाऊक असायचं.

कुणी वणीच्या गडावर निघालेलं असायचं, कुणी त्र्यंबकला नारायण नागबळी करायला, कुणी शिर्डीहून परतताना सहज. आणि कुणी रामकुंडावर अस्थी विसर्जन करायला. अस्थींची पिशवी घरात आणायची नाही, म्हणून ती अंगणातल्या पेरूच्या फांदीला टांगलेली असे, आणि आत आई त्या माणसांना काही न विचारता चहा देत असे. लहानपणी मला त्या झाडाखालून जायची भीती वाटायची. आईला कशाचीच वाटत नसे. अंघोळीला गरम पाणी, पोहे, रामकुंडावरून परतल्यावर वरण-भात, निघताना वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. 2003 च्या आणि 2015 च्या सिंहस्थात तर घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. गच्चीवर सतरंज्या आणि स्वयंपाकघरात दिवसभर न विझणारा गॅस.

या सगळ्यात तिचा एक प्रश्न कायम असे: "जेवायला काय करू?" सकाळी एकदा, दुपारी चहाच्या वेळी पुन्हा एकदा. पाहुणे म्हणत, "काहीही कर, वहिनी." काहीही करणं किती अवघड असतं ते करणारीलाच माहीत. काल काय झालं, घरात काय आहे, कुणाला वांगं चालत नाही, कुणाचा चतुर्थीचा उपास, हे सगळं मनात फिरवून झाल्यावर कुठे ते "काहीही" ठरतं. स्वयंपाकाचे कष्ट दिसतात. हे ठरवणं दिसत नाही, आणि मला वाटतं, बाईला थकवतं ते जास्त हेच.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडच्या मराठी घरांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅनकुनला किंवा पुंता कानाला जाण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. आई त्याच्याकडे गेली होती तेव्हा तो तिलाही घेऊन गेला. पुंता काना म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताकाचं पूर्वेचं टोक. ओळीने रिसॉर्ट, समोर निळाहिरवा समुद्र, मागे माडांची बनं. आल्या आल्या मनगटावर एक पट्टी बांधतात आणि मग पैशाचं पाकीट खोलीत पडून राहतं. न्याहारी, जेवणं, सरबतं, दारू, वाळूतल्या खुर्च्या, रात्रीचं नाचगाणं, सगळं धरून.

या व्यवस्थेची सुरुवात कॅरिबियनमध्ये झाली नाही. 1950 साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबू ठोकून पहिलं सुट्टीचं गाव वसवलं, त्याचं नाव क्लब मेड. महायुद्ध संपून पाचच वर्षं झालेली. रेशनच्या रांगा, मोडलेली शहरं सोसलेल्या लोकांना त्याने ऊन, समुद्र आणि लांबलचक जेवणाची टेबलं दिली, एकाच रकमेत. पुढे या गावांमधल्या बारमध्ये नोटांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालत, कारण पैसा नजरेला पडू नये असा हेतू होता. जमैकात माँटेगो बेला 1981 साली बुच स्टुअर्टने सँडल्स उघडलं आणि त्यानंतर हीच पद्धत त्या साऱ्या बेटांची ओळख झाली. युद्धातून बाहेर आलेल्या माणसांना, आज किती खर्च झाला आणि उद्या काय, या हिशेबातून काही दिवस सोडवणं, ही मूळ कल्पना मला फार दयाळू वाटते. अशा रिसॉर्टांना नाकं मुरडणारे शहाणे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या घरी रोजचा स्वयंपाक कोण ठरवतं, हे मला त्यांना विचारावंसं वाटतं.

आईने तिथली जी पहिली गोष्ट सांगितली ती समुद्राची नव्हती. न्याहारीच्या दालनात एका कोपऱ्यात ऑम्लेट करून देणारा उंच, काळासावळा आचारी होता. समोर वाट्या मांडलेल्या: कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, अळंबी, चीज, बारीक हिरवी मिरची. आई थाळी घेऊन उभी राहिली. त्याने स्पॅनिशमध्ये काही विचारलं, तिला कळलं नाही. मग त्याने एकेका वाटीवर चमचा नेला आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं. हे घालू? हे? आणि हे? आई सांगते, "मला एकदम कळलंच नाही काय उत्तर द्यायचं ते. मला काय आवडतं तेच आठवेना." शेवटी तिने हाताने सगळ्या वाट्यांवरून गोल केला. तो मोठ्याने हसला आणि खरोखर सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी ती रांगेत दिसताच त्याने न विचारता हिरवी मिरची मूठभर टाकली. आई त्या माणसाबद्दल आजही बोलते, जावयाबद्दल बोलावं इतक्या मायेने.

पण तिला पहाटे जाग येते, ती तिथेही आली. अंधार विरत असताना ती एकटीच किनाऱ्यावर गेली. 2011 पासून त्या समुद्रातून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ लाटांबरोबर ढिगांनी किनाऱ्याला लागतं. साचलं की कुजतं, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पाहुणे उठायच्या आत ते दिसेनासं करायचं असतं. दहा-बारा माणसं कमरेत वाकून दंताळ्यांनी ते ओढत होती, ढीग करत होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरत होती. गुडघ्यापर्यंत ओली, तोंडाला फडकी बांधलेली. उजाडल्यावर किनारा असा झाला की जणू तिथे कधी काही नव्हतंच. आईने हात जोडून नमस्कार केला. एकाने टोपीला हात लावला. भाषा नव्हती, म्हणून तेवढ्यावरच राहिलं. परतल्यावर ती भावाला म्हणाली, "ती माणसं न्याहारीला कुठे बसतात रे?"

ती कुंपणापलीकडे बसतात. या व्यवस्थेतली मला खुपणारी गोष्ट हीच. आयतं मिळण्यात मला काही वावगं दिसत नाही. ज्यांच्या हातून ते मिळतं त्यांना बाजूला ठेवण्याची पक्की सोय असते, ते मात्र पटत नाही. जमैकात तर 1956 च्या कायद्याने किनाऱ्याची मालकी सरकारकडे ठेवली आणि लोकांना किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क दिला नाही. पिढ्यानपिढ्या जिथे पोहले, मासे धरले, तिथे जाणाऱ्या वाटेसाठी तिथली माणसं आज कोर्टात भांडत आहेत.

म्हणून आईला आपल्याकडचा समुद्र दाखवायचा ठरवलं तेव्हा मी देवबाग निवडलं. द्वारकेहून पुण्याचा रस्ता धरला की पुढे कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट उतरून कणकवली आणि मग मालवण. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मधल्या पट्टीवर माड आणि घरं. टोकाला नदी समुद्राला मिळते ते देवबाग. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. या गावांनी मोठ्या हॉटेलांची वाट न पाहता आपल्याच घराशेजारी दोन-चार खोल्या बांधल्या. फोनवर विचारलं तर सांगतात, राहणं, न्याहारी आणि दोन वेळचं जेवण धरून इतके. मनगटावर पट्टी नाही, फाटक नाही. जेवायचं ते घरच्याच पडवीत. स्वयंपाकघराचं दार पडवीतच उघडतं, त्यामुळे आत काय चाललंय ते सगळं दिसतं.

घर चालवणाऱ्या वहिनी चाळिशीच्या. पहाटे साडेचारला चूल पेटते, कारण स्कुबाला जाणाऱ्यांना सातच्या आत काहीतरी खाऊन निघायचं असतं. घावणे, नारळाची चटणी, चहा. मग मासळी निवडणं, खोबरं खोवणं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप. दुपारची पंगत उठते तोवर संध्याकाळच्या चहाची वेळ. आणि दिवेलागणीला त्या एक वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात. आईकडे आल्या आणि म्हणाल्या, "आजी, उद्या काय करू? तुमका काय होया ता सांगा."

आई पाहतच राहिली. मग म्हणाली, "बघू ती वही."

मुलाची शाळेची जुनी वही होती. पुढच्या पानांवर गणितं, मागून पाहुणे. खोली एक: सुरमई थाळी दोन, तिखट कमी. खोली दोन: बांगडा, एक शाकाहारी. खोली तीन: लहान मूल, मऊ भात. एका पानावर नुसतंच लिहिलं होतं: आजोबांना दात नाहीत. आई पानं मागे मागे उलटत गेली, पोथी वाचावी तशी. दुसऱ्या दिवशी सोमवार, तिचा मासे न खाण्याचा वार. वहिनींनी विचारूनच ठेवलं होतं. त्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं आणि सोबत आंबोळ्या. काळे वाटाणे रात्री भिजत घातलेले मी पाहिले होते. सगळ्यांसाठी मासे होतेच, हे एकट्या आईसाठी वेगळं पातेलं. आई दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली, "हे मी कधी करून घेतलं नसतं, माझ्या एकटीसाठी."

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना माणसांची रांग, आणि दोर मागे मागे नेत सगळ्यांनी मिळून ते वाळूवर आणायचं. पर्ससीन जाळ्यांची मोठमोठी जहाजं आल्यापासून रापणीत पूर्वीसारखी मासळी लागत नाही, असं दोर ओढणारे म्हातारे बोलत होते. वाटेने जाणाऱ्या पाहुण्यालाही "या, हात लावा" म्हणतात. आईनेही दोराला हात लावला. तिच्या हाताने जाळं कितीसं पुढे आलं असेल? पण ती त्या रांगेत उभी होती, पदर खोचून, आणि तिच्या शेजारी उभ्या बाईने तिला ओढायचं कसं ते दाखवलं. पुंता कानाला ती पाहत उभी राहिली होती. इथे तिला जागा मिळाली.

निघायच्या आदल्या रात्री दोघी पडवीत लसूण सोलत बसल्या. आईने विचारलं, "आणि तुम्हाला कोण विचारतं हो, काय करू म्हणून?" वहिनी म्हणाल्या, मे संपला की पाहुणे बंद. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, पाण्यातले खेळही बंद, गाव आपलं आपल्यापुरतं. मग त्या चार दिवस माहेरी जातात. तिथे भावजय विचारते. "तेवढ्यावर वर्ष निघता."

आईने तिथल्या तिथे बोलावणं केलं. पावसाळ्यातच या, श्रावणात, त्र्यंबकला जाऊ, उतरायचं द्वारकेला. तिच्या सवयीचंच बोलणं होतं, पण या वेळी ती पुन्हा पुन्हा म्हणाली, तारखा विचारल्या, यजमानांना बोलवून त्यांनाही सांगितलं.

आणि ते दोघे आले. पहाटे फोन वाजला. वहिनींना स्वस्थ बसवणं अवघड गेलं. पहिल्या दिवशी चहाचे कप विसळायला त्या उठल्याच, आईने हात धरून खुर्चीवर बसवलं. "काय करू जेवायला?" या प्रश्नावर त्याही म्हणाल्या, काहीही. आई ऐकेना. "काहीही नको. नाव घेऊन सांगा." बऱ्याच वेळाने, संकोचाने त्या म्हणाल्या, बाजरीची भाकरी आणि पिठलं. गरम, तव्यावरून थेट. आपल्या घरी त्यांना गरम भाकरी खायला कधी मिळाली असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि आईच्याही आला असणार, कारण त्या जेवेपर्यंत ती तव्यापासून हलली नाही.

त्र्यंबक झालं, काळाराम झाला, रामकुंड झालं. मग वहिनींनी स्वतःहून एक गोष्ट मागितली: तुमचा भाजीचा बाजार दाखवा. मालवणला भाजी येते ती कोल्हापूर, बेळगावकडून घाट उतरून, आणि पाहुण्यांच्या हंगामात तिचा भाव त्यांची झोप उडवतो. संध्याकाळी आम्ही पंचवटीच्या मार्केट यार्डात गेलो. कोथिंबिरीचे लिलाव चालू होते. ओल्या मुळांची, मातीचा वास येणारी जुड्यांची रास छातीपर्यंत, आणि शेकड्याच्या भावाने बोली वर चढत होती. वहिनी राशीपाशी वाकल्या, एक जुडी हातात घेऊन वजन पाहिलं, मुळं झटकली, पानं चुरगाळून वास घेतला. शेकड्याचा भाव ऐकला, ओठांतल्या ओठांत भागाकार केला आणि नवऱ्याकडे वळून पाहिलं. ही कुठे जाते, त्यांनी विचारलं. मुंबईला, गुजरातला, व्यापारी म्हणाला. मालवणला नाही जात? तो म्हणाला, लांब पडतं ताई, पोचेपर्यंत पिवळी पडेल.

त्यावर आईने तिचा उपाय सांगायला सुरुवात केली: मुळं काढायची नाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळायची, वर कागद. चार दिवस टिकते. वहिनी म्हणाल्या, माडाच्या झावळीत गुंडाळली तर? यावर दोघींची चर्चा सुरू झाली ती थांबेना. मागून दुरड्या भरभरून कोबी येत होता, हमाल "बाजूला व्हा" ओरडत होते, आणि त्या पुढच्या राशीकडे सरकल्या होत्या, दोडक्याचा भाव विचारत.