ठाण मांडून बसणारा

तो घरात येतो एकाच खोक्यातून, आणि त्याच दिवशी त्याची जागा ठरते. प्लग कुठे आहे, दुपारचं ऊन कुठून येतं, हे पाहून एकदा टेबल लागलं की पुढची आठ-दहा वर्षं तो तिथून हलत नाही. लॅपटॉप पलंगावर लोळतो, गच्चीवर जातो, सुटीत गावालाही जातो. हा ठाण मांडून बसतो. टेबलाखाली सीपीयूचा डबा नाही, केर काढताना केरसुणीत अडकणारं वायरींचं जंजाळ नाही. पडद्याच्या पाठीशी त्याचा सगळा संसार, आणि भिंतीकडे जाणारी एक वायर. दुकानात त्याला ऑल-इन-वन म्हणतात.

तो कुणा एकाचा नसतो, आणि मला त्याचा हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो. सकाळी आजोबा त्याच्यावर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मांडतात. दुपारी नात शाळेचा प्रोजेक्ट करते. संध्याकाळी कुणी विजेचं बिल भरतं, कुणी सातबारा काढतं, कुणी रेल्वेचं आरक्षण बघतं. रविवारी रात्री न्यू जर्सीतल्या मुलाला कॉल लागला की आजी, आई, बाबा सगळे एकदम चौकटीत मावतात. फोन या हातातून त्या हातात फिरवावा लागत नाही. फोननं घरातल्या प्रत्येकाला आपापला पडदा दिला. याचा पडदा हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दहा-बारा वर्षांचं मूल इंटरनेटवर काय बघतंय हे त्याच्या मागून ये-जा करताना सहज कळतं, वेगळी पाळत ठेवावी लागत नाही.

त्याचं घराणं जुनं आहे. 1977च्या कमोडोर पेटमध्ये पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट चालवायचं यंत्र एकाच सांगाड्यात होतं. 1984च्या मॅकिंटॉशला 9 इंची पडदा होता आणि उचलून न्यायला डोक्यावर खाच. 1998 साली ॲपलनं निळसर हिरवा आयमॅक आणला. 15 इंची पिक्चर ट्यूब, फुगीर अर्धपारदर्शक पाठ, आणि फ्लॉपीला जागाच नाही. 2004च्या आयमॅक जी5नं सगळं यंत्र सपाट पडद्यामागे नेलं. आज दुकानात मांडलेली सगळी पिढी त्याच्याच चेहऱ्यावर गेली आहे. 2021चा आयमॅक तर इतका सडपातळ, 11.5 मिलिमीटरचा, की हेडफोनची पिन त्याच्या जाडीत मावेना आणि भोक बाजूच्या कडेला न्यावं लागलं. पण तो लाखाच्या वरचा. पन्नास-साठ हजार हाताशी धरून निघालेल्या कुटुंबाला भेटतात ते त्याचे साधे भाऊबंद: एचपी, लेनोवो, डेल, आसूस, एसर यांच्या घरचे.

दिसायला हा डेस्कटॉप, अंगकाठी मात्र लॅपटॉपची. बहुतेकांच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असतो, म्हणजे तो 15 वॅटच्या आसपास भागवणारा. डब्यातल्या नेहमीच्या प्रोसेसरला 65 वॅट लागतात. रॅमची पट्टीसुद्धा लॅपटॉपची, आखूड. म्हणून तो फारसा तापत नाही, त्याच्या पंख्याचा आवाज टीव्हीच्या आवाजात ऐकूही येत नाही. आणि म्हणूनच मोठे गेम किंवा लग्नाच्या चार तासांच्या फोर-के चित्रीकरणाचं एडिटिंग त्याला सांगणं अन्यायाचं आहे. ते काम असेल तर डबा घ्यावा. मुलगी वसतिगृहात जाणार असेल तर लॅपटॉप घ्यावा. हा घरात राहणाऱ्यांसाठी आहे.

त्याची पारख करायची तर आधी त्याच्या पडद्यात बघावं. या किमतीत 23.8 इंची आणि 27 इंची असे दोन उभे राहतात, आणि मोठ्याकडे मन ओढलं जातं. पण दोघांचेही ठिपके बहुधा तेवढेच असतात, 1920 बाय 1080. लहान पडद्यावर इंचाला सुमारे 92 ठिपके पडतात, मोठ्यावर सुमारे 82. इंग्रजी वाचताना हा फरक फारसा जाणवत नाही. देवनागरीत जाणवतो. आपल्या अक्षरांत घ आणि ध, भ आणि म यांच्यातला भेद एका बारीक गाठीचा असतो. रफार डोक्यावर चढतो, ऋकार पायाशी लटकतो, जोडाक्षरात दोन अक्षरं एकमेकांत शिरतात. ठिपके विरळ झाले की हे सगळं बारीक टंकात राड होतं आणि तासाभरानं डोळे चुरचुरतात. तेव्हा दुकानात तो रंगीत मासे पोहणारा व्हिडिओ बंद करायला सांगून एखाद्या मराठी दैनिकाचा ई-पेपर उघडावा आणि घरी बसणार तेवढ्या अंतरावर बसून अग्रलेख वाचावा. मग उठून बाजूला जावं. पॅनेल आयपीएस असेल तर बाजूनंही रंग तसेच दिसतात. जो पडदा चार जण चार बाजूंनी बघणार, त्याला हे हवंच. माझ्या मते मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या घराला या बजेटात 23.8 इंची बरा. आजोबांना अक्षर लहान वाटलं तर विंडोजच्या सेटिंगमध्ये सगळं सव्वापट करता येतं.

पडद्यानंतर बुद्धी, आणि इथे दुकानातली पाटी नीट वाचावी लागते. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू ही नावं शेजारी ठेवली तर फरक दहाचा दिसतो. पहिल्यात चार कोअर आहेत, दुसऱ्यात सहा. या नावांत पहिला आकडा फक्त साल सांगतो. आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. 7520चा 2 म्हणजे 2019च्या सुमाराची झेन 2 रचना, 7530चा 3 म्हणजे तिच्या पुढची पिढी. शिवाय 7520यूबरोबरची रॅम बोर्डावरच जडवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. इंटेलच्या बाजूला एन100 सारखे चार लहान कोअरचे प्रोसेसर सर्वांत स्वस्त ऑल-इन-वनमध्ये दिसतात. बिलं भरायला ते पुरतात, पण घरातली तिघं-चौघं आपापल्या खिडक्या उघड्या ठेवून उठली की अडखळतात. त्यापेक्षा आय3 1215यू कितीतरी भरवशाचा.

हे इतकं खोलात सांगायचं कारण त्याच्या स्वभावातच आहे. त्याचे काही अवयव बदलता येतात, काही जन्माचे. कीबोर्ड-माऊस कसेही असोत, पुढे हजार रुपयांत नवे येतात. एसएसडी पुढे मोठी करता येते. रॅमला एक जागा मोकळी असेल तर आज 8 जीबी घेऊन दोन वर्षांनी आणखी 8ची पट्टी बसवता येते. जागा नसेल तर आजच 16 घ्यावी. पडदा आणि प्रोसेसर मात्र जे आले ते शेवटपर्यंत. पैसे तिथे घालावेत. टच स्क्रीनसाठी जास्त पैसे मागितले तर मी देणार नाही. हातभर लांबच्या पडद्याला बोट लावत बसायला दंड भरून येतो.

त्याच्या पोटात बॅटरी नाही, ही त्याची मोठी उणीव. दिवे गेले की लॅपटॉप चालू राहतो, हा अर्ध्या वाक्यात मिटतो. ज्या गावात महावितरणचा भरवसा नाही तिथे यूपीएसचे पैसे याच्या किमतीतच धरावेत. त्यातल्या त्यात बरं असं की त्याचा अडॅप्टर बहुधा 65 किंवा 90 वॅटचा, त्यामुळे 600 व्हीएचा छोटा यूपीएसही त्याला पेलतो, आणि त्यालाच वाय-फायचा राउटर जोडला की चाललेला कॉल तुटत नाही. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का, आणि ती आपल्या तालुक्यापर्यंत पोचते का, हेही बिल होण्याआधी विचारावं. याचा पंखा बिघडला तरी सगळाच्या सगळा दवाखान्यात न्यावा लागतो. खोकं आणि आतला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावा.

मला त्याच्याबद्दल खरी काळजी वाटते ती त्याच्या म्हातारपणाची. पडदा दहा-बारा वर्षं सहज टिकतो, बुद्धी त्याआधी थकते: एक बैल तरणा, एक म्हातारा, आणि जू एकच. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा आधार संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज 11 अधिकृतपणे घेता येत नाही. त्या पिढीचे कितीतरी ऑल-इन-वन लख्ख पडद्यानिशी जुने ठरले. त्यांच्यावर लिनक्स चालतं आणि ते जरूर चालवून बघावं, पण घरातल्या सगळ्यांना ते रुचेलच असं नाही.

यावर एक उपाय त्याच्या पाठीवर असतो, क्वचितच असतो. एचडीएमआयचं भोक पुष्कळांना असतं. ते ‘आउट’ असेल तर याचं चित्र दुसऱ्या पडद्यावर जातं; ‘इन’ असेल तर दुसऱ्याचं चित्र याच्या पडद्यावर येतं. दोन्ही दिसायला अगदी सारखी, शेजारच्या बारीक अक्षरांवरूनच कळतं. 2009 ते 2014 दरम्यानच्या बऱ्याच 27 इंची आयमॅकना अशी सोय वेगळ्या जोडणीतून होती. 5के पडदा आला आणि ती गेली. ‘इन’ असेल तर आज ऑफिसचा लॅपटॉप त्याला लावून मोठ्या पडद्यावर काम करता येतं, आणि पुढे त्याची बुद्धी थकली की हाताएवढा मिनी पीसी जोडून तोच पडदा त्याच टेबलावर आणखी पाच वर्षं चालवता येतो. दुकानदाराला तो उलटा फिरवून दाखवायला सांगावं. बाकी सगळं सारखं असलेल्या दोन मॉडेलांत ‘इन’वाला तीन हजारांनी महाग असेल, तर मी ते तीन हजार देईन.