नऊ तासांचे अंतर

2019 च्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता रात्री अकराच्या सुमारास प्रभुघरी गेली. तिची एकुलती एक कन्या लंडनमध्ये परिचारिका होती. निरोप मिळताच ती त्याच रात्रीच्या विमानाने निघाली. "फादर, दफनविधी किती वाजता ठेवायचा?" असे नातलगांनी विचारले, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. लंडन ते आमचे शहर हे हवाई अंतर सुमारे 7,300 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेग धरला, तर नऊ तासांचा प्रवास. विमान आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे तीनला सुटणार होते, म्हणजे दुपारी बारा. तीन-चार तास हाताशी राखून मी चारची वेळ जाहीर केली.

हिशेब बरोबर होता; पण तसा प्रवास पक्ष्यानेच करावा. चिकलठाणा विमानतळावर लंडनहून थेट विमान येत नाही. आधी मुंबई गाठावी लागते. मुंबई येथून सरळ रेषेत अवघी 280 किलोमीटर, विमानाने तासाभराची वाट. परंतु बाराला उतरलेल्या त्या मुलीला पारपत्राची तपासणी व सामान ह्यांतून बाहेर पडण्यास दीड वाजला. पुढचे विमान संध्याकाळी, त्यातही जागा नव्हती. तिने मोटार केली. समृद्धी महामार्ग तेव्हा झालेला नव्हता. कसारा घाट चढून, नाशिक मागे टाकून ती घरी पोहोचली, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

आम्ही साडेपाचपर्यंत थांबलो होतो. अंधार पडू लागला, वडीलधारी मंडळी कुजबुजू लागली. "उद्या सकाळपर्यंत थांबू," एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणालो नाही.

ओल्या मातीपाशी उभी राहून तिने विचारले, "फादर, एक रात्र थांबता आले नसते का?" मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री सेमिनरीत शिकलेली एक गोष्ट आठवली. संत इग्नेशिअस ह्यांनी 28 जून 1553 रोजी रोमहून संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना परत बोलावणारे पत्र लिहिले. झेवियर तर 3 डिसेंबर 1552 रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निवर्तले होते. सात महिने होत आले, तरी ती वार्ता रोमला पोहोचली नव्हती. त्या काळी अंतरापुढे माणसाचा इलाज नव्हता. माझ्यापाशी मात्र दूरध्वनी होता. मुंबईत उतरलेल्या मुलीला "कुठवर आलीस, बाळ?" एवढे विचारायचे मला सुचले नाही.

आता महामार्ग झाला आहे, वाट पुष्कळ आखूड झाली आहे. तरीही कोणाचे मूल परदेशातून निघाले, की मी अंतर मोजत बसत नाही. "घराच्या उंबरठ्यावर केव्हा पोहोचशील?" असे त्यालाच विचारतो, आणि तोवर सूचनाफलकावर दफनविधीची वेळ लिहीत नाही.