चाकांचा रंग

मोटारीच्या चाकाकडे माणूस सहसा दोनच प्रसंगी पाहतो. एक चाक पंक्चर झाले म्हणजे, आणि दुसरा खंडेनवमीला त्याला गंधफूल वाहताना. एरवी ते फिरत असते आणि आपण पुढे पाहत असतो. माझे आमच्या चाकांकडे लक्ष गेले ते मात्र या दोन्हींपैकी कोणत्याच कारणाने नव्हे. २०२५ साली गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पुरी झाली. आणखी पाच वर्षे ती रस्त्यावर ठेवायची तर नूतनीकरणाचा अर्ज करणे आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करणे भाग होते. शेजारच्या बिऱ्हाडातले तेलुगू गृहस्थ माझ्याच कचेरीत अधीक्षक आहेत. ते सहज म्हणाले, "बाकी सारे ठीक आहे हो, पण चाकांची काय दशा झाली आहे ती पाहिलीत का?"

पाहिली. कागदपत्रांवर दिवसभर शेरे मारणाऱ्या माणसाला आपल्याच दारातली वस्तू दिसू नये, याची थोडी लाज वाटली. चारही रिमांच्या कडांना तांबेरा चढला होता. रुपेरी रंगाचे पापुद्रे सुटून वर आले होते आणि नखाने खरवडले की खाली तपकिरी भुगा हाती लागत होता.

गाडी अण्णांची. ते वाईला हायस्कुलात चित्रकला शिकवीत. २०१० साली निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ही पांढरी मारुती आठशे घेतली. आयुष्यभर सायकलीवर फिरलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर मोटार शिकणे ही आमच्या आळीत काही दिवस करमणुकीची बाब झाली होती. पण गाडी चालवण्यापेक्षा ती राखण्यातच अण्णांना अधिक रस होता. दरवर्षी नवरात्रात ते एक दिवस मुक्रर करीत. अंगणात पोते अंथरून एकेक चाक उतरवायचे, पॉलिशपेपरने जेवढा गंज निघेल तेवढा काढायचा, टायरवर जुने वर्तमानपत्र खोचायचे आणि रुपेरी रंगाच्या लहान डब्यात चपटा कुंचला बुडवून रिमेला एक हात द्यायचा. एक हात सुकला की दुसरा. फवाऱ्याने रंग देणे त्यांना मंजूर नव्हते. कुंचल्याला वळण असते, फवाऱ्याला ते कुठून येणार, असे ते म्हणत. त्यामुळे आमच्या चाकांवर, जवळून पाहिले तर, वर्तुळाकार ओढलेल्या केसांच्या रेषा दिसत. पाटीवर मुलांना वर्तुळ काढून दाखवावे तशा.

२०२१ साली अण्णा गेले. पुढल्या वर्षी माझी बदली चेन्नईस झाली, तेव्हा आई आणि गाडी दोघीही आमच्याबरोबर आल्या. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात नांदवायची तर सासरमाहेरच्या दोन्ही कचेऱ्यांची संमती लागते. ना-हरकत दाखल्यापासून नव्या क्रमांकापर्यंतच्या त्या प्रवासात, टेबलाच्या पलीकडे उभे राहणे म्हणजे काय असते हे मला प्रथमच नीट कळले. असो. सामानात अण्णांचा रंगाचा डबाही आला होता. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मीही त्यांच्यासारखा चाकांवर एक हात फिरवला. गंज फारसा न काढता, कचेरीतून आल्यावर, दिवेलागणीच्या वेळी, घाईघाईने.

आमची सरकारी वसाहत बेझंटनगरला, समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर. संध्याकाळचा वारा अंगाला सुखद लागतो, पण त्यातले मीठ लोखंडाला सुखद नसते. त्यातच २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई बुडाली, तेव्हा आमची गाडी दोन दिवस अर्ध्या चाकांएवढ्या पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही इंजिन तपासून घेतले, ब्रेक तपासून घेतले, आतली बसकणे उन्हात वाळवली. चाके कोणी तपासली नाहीत.

आता काय करावे, यावर अर्थातच सल्ले मिळू लागले. अड्यारच्या बाजूला एक रंगारी आहे. तो रिम घासून, प्रायमर मारून, फवाऱ्याने रंग आणि वर चकाकीचा हात देतो. एका रिमेचे साडेतीनशे रुपये, आणि गाडी संध्याकाळी परत. अधीक्षक महाशय मात्र पावडर कोटिंगचे कट्टर पुरस्कर्ते निघाले. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा पत्ता त्यांनी कागदावर लिहूनच दिला. तिथे रिमेला अकराशे रुपये, आणि चाके तीन दिवस तिथेच राहणार. माझ्यासारख्या माणसाने अशा वेळी कमी दराची निविदा स्वीकारून फाइल बंद करावी हे रीतीला धरून झाले असते. पण अधीक्षकांच्या शब्दाखातर मी एका शनिवारी गिंडीला गेलो, आणि जे पाहिले त्याने मोहून गेलो.

रंग म्हणजे काहीतरी ओले, अशी आपली समजूत असते. इथे ओले काहीच नव्हते. रंग म्हणजे पिठीसाखरेसारखी बारीक, कोरडी भुकटी. आधी रिमेवर दाबाखालच्या हवेने खरवाळूचा मारा करून जुना रंग आणि गंज मुळापासून काढतात. मग ती रासायनिक द्रावणात धुतात, वाळवतात, आणि आकड्याला टांगतात. आकडा जमिनीशी विजेच्या तारेने जोडलेला असतो. पिचकारीतून निघणाऱ्या भुकटीच्या कणाकणाला विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळे ती हवेत नुसती उधळत नाही. लोखंडाकडे ओढली जाते, वळून मागच्या बाजूलाही जाऊन बसते. त्या वेळी त्या रिमेवर बोट फिरवले तर पीठ पुसल्यासारखी ती निघून येईल. नंतर रिम भट्टीत जाते. सुमारे दोनशे अंश उष्णतेत दहा-पंधरा मिनिटांत भुकटी वितळते, पसरते, आणि तिचे रेणू एकमेकांत असे गुंफले जातात की पुन्हा तापवले तरी ती पूर्वीसारखी वितळत नाही. थंड झाल्यावर जो थर उरतो तो साठ ते ऐंशी मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाएवढा जाड. त्यावर फोरमनने आपल्या किल्ल्यांचा जुडगा जोराने ओढून दाखवला. ओरखडा शोधावा लागला.

हा फोरमन मोठा प्रामाणिक माणूस. आपल्या मालाचे दोषही त्याने मला न विचारता सांगितले. भुकटी एपॉक्सीची असेल तर ती उन्हात काही काळाने खडूसारखी फिकी पडते, म्हणून बाहेर राहणाऱ्या वस्तूला पॉलिएस्टरचीच हवी. चाकाचा जो भाग हबला टेकतो आणि जिथे नट बसतात तिथे थर चढू देता कामा नये. नटाखाली जाड लेप राहिला तर तो चालता चालता दबतो आणि घट्ट आवळलेला नट सैल पडतो. म्हणून तिथे उष्णता सोसणाऱ्या गुट्ट्या बसवायच्या, आणि चाके जोडल्यावर पन्नासएक किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा आवळायचे. सर्वांत मोठा दोष त्याने शेवटी सांगितला. "सार, हा लेप निघत नाही तोवर निघत नाही. पण एकदा दगडाने टवका उडाला आणि पाणी आत शिरले, की गंज लेपाच्या खालून पसरतो. वरून सारे गुळगुळीत दिसते. रंगाला जसे ठिगळ लावता येते तसे याला लावता येत नाही. सगळा काढून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते."

घरी परतताना मी बसमध्ये याच विचारात होतो. रंग हा तसा गरीब स्वभावाचा. ब्रेकच्या उष्णतेने आणि त्यातून उडणाऱ्या काळ्या भुकटीने तो लवकर मळतो, दगडाच्या फटक्याने उडतो, पण त्याची डागडुजी आपल्या अंगणात, आपल्या हाताने करता येते. पावडर कोटिंग हे पक्के बांधकाम, आणि मी तर बदलीचा माणूस. सरकारी बिऱ्हाडात भिंतीला खिळासुद्धा आम्ही नवा ठोकत नाही, आधीच्या भाडेकरूने ठोकलेल्या खिळ्यावर आपले कालनिर्णय लटकवतो. आणखी वर्षा-दोन वर्षांत कुठे जायचे ते ठाऊक नसताना दहा वर्षे टिकणारा लेप कशाला? पण याच हिशेबाने आम्ही किती गोष्टी कच्च्या ठेवल्या आहेत, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही. मुलीसाठी झोपाळा घ्यायचा राहिला तो "पुढच्या ठिकाणी घेऊ" म्हणूनच.

खरे सांगायचे तर माझी अडचण पैशांची नव्हती आणि टिकाऊपणाचीही नव्हती. वाळूचा मारा झाला की अण्णांचे सारे हात निघून जाणार होते. आईला मी हे बोलून दाखवले नव्हते, पण तिने ओळखले असावे. ती म्हणाली, "अरे, त्यांनी रंग लावला तो गाडी चालावी म्हणून. काय करायचं ते नीट कर." मग मी माझ्यापुरती एक तडजोड काढली. चार चाके गिंडीला द्यायची. डिकीतली स्टेपनी क्वचितच रस्त्यावर उतरली होती. तिला फक्त हौसेपोटी अण्णा दरवर्षी रंग देत. ती तशीच ठेवायची. मधल्या काळासाठी अधीक्षकांनी आपली गाडी देऊ केली, आणि माझी मारुती चार विटांच्या ओट्यांवर चढून बसली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला, येऊन जा. तिथल्या हिशेबनिसांचे आडनाव राव. मी बायकोशी फोनवर बोलत असताना त्यांनी कान टवकारले आणि फोन संपताच माझ्याशी चक्क मराठीत बोलू लागले. घराणे तंजावरचे. तिथले मराठ्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले, पण यांच्या घरात ती भाषा अजून बोलली जाते. हेल तमिळ, शब्द कुठे कुठे माझ्या आजीच्या तोंडचे. आपल्याला ती लिहिता येत नाही, हे सांगताना ते उगाच ओशाळले. एरवी मी त्यांच्याजवळ तासभर बसलो असतो. पण त्यांनीच मला दुभाष्या म्हणून आत नेले, कारण फोरमनला जे सांगायचे होते ते त्याला नीट समजावून सांगायचे होते.

तीन रिमा वाळूच्या माऱ्याखालून राखाडी, मऊ दिसणाऱ्या, निर्दोष निघाल्या होत्या. चौथी त्याने टेबलावर ठेवली आणि एका नटाच्या छिद्रापाशी नख टेकवले. छिद्रापासून निघून बोटभर गेलेली एक भेग होती. केसासारखी बारीक, पण आरपार. आणि त्या राखाडी पत्र्यावर ती काळी दिसत नव्हती. ती चमकत होती. वाळू जिथे पोचली नव्हती तिथे, भेगेच्या आत, रुपेरी रंग होता.

"भेग जुनी आहे," राव म्हणाले. "वरून रंग लावलेला आहे, असे तो म्हणतो."

ते चाक पुढच्या डाव्या बाजूचे. त्याच चाकावर आम्ही दोन वेळा पाँडिचेरीला गेलो होतो, एकदा कांचीपुरमला. आई पुढे बसते, कारण मागे तिला मळमळते. मी तिथल्या स्टुलावर बसलो. भेगेत कोणाचा रंग होता? अण्णांना शेवटच्या वर्षांत मोतीबिंदू झाला होता. कदाचित त्यांना ती दिसली नसेल. किंवा भेग त्यांच्यानंतर पडली असेल, आणि २०२२ साली दिवेलागणीच्या वेळी मीच तिच्यावरून कुंचला फिरवला असेल. डबा एकच, रंग एकच. फोरमनला मी तसे विचारले, तेव्हा त्याने खांदे उडवले. लोखंडाला त्याचे काय, असेच त्याला म्हणायचे असावे.

भेग डाखून भागणार नव्हते. अशी रिम भंगारातच जायची, यावर त्याने माझे मतही विचारले नाही. नवी रिम मी जिथे विचारली तिथे मिळाली नाही. पुदुपेट्टैच्या बाजारात जुन्या वाटेल तेवढ्या मिळतात, पण जिचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशी रिम रोजच्या धावपळीला लावण्याआधी घरातली चांगली वापरा, विकत घेतलेली डिकीत ठेवा, असे फोरमनचे म्हणणे. हे इतके सरळ होते की त्याला उत्तर नव्हते. संध्याकाळी मी स्टेपनी घेऊन पुन्हा गिंडीला गेलो.

तिच्या आतल्या अंगाला, जिथे कुंचला उचलला जातो तिथे, रंगात एक केस अडकून सुकलेला होता. कुंचल्याचा. तो मी लहानपणापासून त्यांच्या इतर कामांतही पाहत आलो होतो, शाळेच्या फलकांवर, गणपतीच्या मखरावर. तो काढून घ्यावा की काय, असे क्षणभर वाटले. मी नखाने प्रयत्नही केला, पण तो रंगात पुरता रुतला होता. मुलाने रिम माझ्या हातून घेतली, पेटीत ठेवली, झडप लावली आणि हवेचा नळ सोडला. चारपाच मिनिटांचेच काम.

पुदुपेट्टैच्या गल्लीत मी दोन तास घालवले. आठदहा रिमा दुकानदाराने फेकल्यासारख्या पुढ्यात टाकल्या. मी प्रत्येकीची नटांची छिद्रे खिशातल्या भिंगाने तपासली, तेव्हा तो आपल्या पोराला काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. शेवटी एक पसंत केली. सहाशे सांगितले, चारशेला दिली. तिला गिंडीला पाठवावे, असे बायकोचे मत होते. मी नको म्हणालो. अण्णांचा डबा उघडला तर आत रंगाचा दगड झाला होता, म्हणून नवा आणला. जिन्याखाली वर्तमानपत्र पसरून दोन रविवार पॉलिशपेपर घासला. या वेळी दिवसाउजेडी, पार लोखंड दिसेपर्यंत. भिंग जवळच ठेवले होते. मग प्रायमर, मग रुपेरी रंगाचा एक हात. कुंचल्याला वळण देणे मला काही साधले नाही. रेषा वर्तुळाकार न येता आडव्यातिडव्या आल्या, आणि कन्येने सुकला का हे पाहण्यासाठी एका जागी बोट टेकवले ते वेगळेच.

इकडे खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात. सकाळी अधीक्षकांच्या पत्नीने आमच्याही गाडीला चंदनाचे आणि कुंकवाचे ठिपके लावले. चारही नव्या चाकांखाली एकेक लिंबू ठेवले. त्यांवरून गाडी पुढे घ्यायची, लिंबे चिरडली म्हणजे वर्षभराची इडापिडा टळते, अशी येथली रीत. मी बसून किल्ली फिरवणार, तोच कन्येने पुढ्यात येऊन हात आडवे केले. डिकीतल्या चाकाला लिंबू नव्हते. आईने पिशवीतून पाचवे काढून दिले. ते स्टेपनीवर ठेवायचे की खाली, यावर दोन्ही घरांची थोडी चर्चा झाली, आणि शेवटी ते रिमेच्या मधल्या खळग्यात, त्या बोटाच्या ठशाशेजारी ठेवून आम्ही डिकी लावली.