आवाजाची पारख

गृहसंकुलाच्या जलतरण तलावाचा पंप कर्कश आवाज करू लागला, की 'मोटार नवीनच घेऊ' असा ठराव सहज मंजूर होतो. सामायिक पैसा खर्चताना हात सैल सुटतो. म्हणून खजिनदाराने आधी आवाज पारखावा. पंपात खडे फिरल्यासारखा खडखडाट असेल, तर दोष बहुधा मोटारीचा नसतो. पानांनी तुंबलेली जाळी किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह पंपाला पुरेसे पाणी मिळू देत नाही. वाढत जाणारा तीक्ष्ण आवाज मात्र झिजलेल्या बेअरिंगचा असतो. ते बदलताना सीलही बदलावे. गळक्या सीलमधून झिरपणारे पाणीच पुष्कळदा बेअरिंग गंजवते.

जुन्या मोटारीचे वाइंडिंगच जळले असेल, तर नवीन घेणे रास्त. तेव्हा किमतीबरोबर वीजबिलही पाहावे. वेग बदलता येणारी मोटार निम्म्या वेगाने चालवल्यास तत्त्वतः 1/8 शक्ती पुरते. तेवढेच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागला, तरी वीज 1/4च लागते.

पाणी गाळून वापरणाऱ्या घरांना जयणा नवी नाही. वस्तूचे उरलेले आयुष्य न तपासता ती भंगारात न काढणे, हीही जयणाच होय.