आडवी येणारी खाडी

नकाशा पाहिला की वाटतं, समुद्र उजव्या हाताला ठेवून सरळ दक्षिणेकडे सुटावं. पण कोकणात ते जमत नाही. सह्याद्रीतून उतरलेली एकेक नदी समुद्राला मिळताना ऐसपैस पसरते आणि रस्ता गुमान धक्क्यावर जाऊन संपतो. तिथून पुढे गाड्या पलीकडे नेणारी जंगलजेटी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. यातली एखादी चुकवायची तर गाडी पार आत वळवावी लागते. दाभोळ चुकवली की चिपळूण गाठणं आलंच.

जंजिऱ्याला मात्र राजपुरीहून शिडाची होडीच बरी. अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. तांडेल होडी थेट तटावर घालतोय की काय, अशी धाकधूक होते. १६८२ साली संभाजीराजांनी ही खाडी भरून सेतू बांधायचा घाट घातला होता. तो तडीस गेला नाही.

रांगेत थांबावं ते दाभोळला. वाशिष्ठीच्या तोंडावरचं हे एकेकाळचं बडं बंदर. इथे अरबी घोडे उतरत. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं. आज मशिदीचा घुमट आणि आमची रांग, एवढीच वर्दळ. बोट लागते, लोखंडी तक्ता शेवाळलेल्या उतारावर खरवडत टेकतो. खलाशी हाताने बोलावतो, ‘येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे’, आणि दोन गाड्यांत वीतभर जागा उरली की बोनेटवर थाप मारतो. दार उघडत नाही म्हणून आतले आतच. स्कूटरवाले मात्र कठड्याला टेकून वारा खातात. सुकती असली की तक्ता उभा लागतो आणि बुटक्या गाड्यांची पोटं घासतात. मालकांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आता रेवस-रेड्डी सागरी मार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. व्हावेतच. अडलेली बाई घेऊन रात्री धक्क्यावर आलेल्याला शेवटची फेरी गेल्याचं कळतं, तेव्हा आमच्या रमणीय खाडीचं त्याने काय करावं? मी हे बोलून दाखवलं, तर पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी आजी फणकारली, ‘‘पुलावर गाडी थांबवशाल काय करवंदां घ्यायला?’’

मी दोन द्रोण घेतले. आंबट निघाली.