हुमनाबादचा चौरस्ता

बिदर-कलबुर्गी आणि सोलापूर-हैदराबाद हे रस्ते हुमनाबादला एकमेकांना छेदतात. माणिकप्रभूंच्या दर्शनाला माणिकनगरास जाताना मी तेथे चहासाठी थांबतो. गेल्या खेपेस एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो मालमोटार चालवितो.

"गुरुजी," तो म्हणाला, "एका रात्री एका माणसानं दोन पोरी गाडीत बसवल्या. भाच्या म्हणाला. पण पोरींना गाव विचारलं की उत्तर तोच द्यायचा. मी भाडं घेतलं नि गप बसलो."

अमेरिकेत २००९ साली स्थापन झालेली एक संस्था मालमोटारचालकांना नेमके हेच ओळखावयास शिकविते : बोलू न दिली जाणारी मुलगी, परक्याच्या खिशातली तिची कागदपत्रे. स्वतः अडवू नये, ठिकाण व गाडीचा क्रमांक कळवावा, हेही सांगते. आपल्याकडे मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पण चालकाला ते सांगतो कोण? परवाना देताना तरी सांगावे!

त्याने आता ते दोन्ही क्रमांक आरशाखाली कानडीत व मराठीत लिहून घेतले आहेत. त्या पोरी सोलापूरच्या कोणत्या नाक्यावर उतरल्या, हे मात्र त्याने मला न विचारताच सांगितले.