आमचे भाकीत आणि प्रशांत महासागर

मृग नक्षत्र कोरडे जाऊ लागले म्हणजे आमच्या नंदुरबारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो. शिक्षकाने चार पुस्तके वाचलेली असतात, म्हणून तो प्रश्न त्यालाही विचारला जातो. आणि ज्याला प्रश्न विचारला जातो त्याला उत्तर देण्याचा मोह होतो. आम्हांलाही तो झाला. इ. स. २०१९ च्या जून महिन्यातील ही हकीकत आहे.

तळोद्याकडील, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचे एक पालक मुलाचे नाव शाळेत घालावयास आले होते. आदल्या वर्षी शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातील तालुके होतेच. घरचा कडबा संपत आला होता. निघता निघता त्यांनी विचारले, "गुरुजी, यंदा पाणी येईल का?"

आम्ही वर्तमानपत्रांत 'एल निनो'विषयी वाचले होते. वर्गात नकाशा समजावून द्यावा अशा ऐटीत आम्ही सांगितले, "दादा, प्रशांत महासागर तापला आहे. यंदा पावसाचा भरवसा नाही." त्या जूनमध्ये देशभर पाऊस सुमारे एकतृतीयांशाने कमी पडला, आणि आमची छाती अधिकच फुगली. त्या गृहस्थांनी मात्र, वैरणीवाचून जनावरे डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा बरे, म्हणून बैलजोडी बाजारात नेऊन विकली.

पुढे जुलै सरता सरता पाऊस आला तो थांबेना. ऑगस्टात तापी दुथडी वाहिली. त्या वर्षी चार महिन्यांची देशाची बेरीज सरासरीच्या ११० टक्के भरली. १९९४ नंतर इतका पाऊस झाला नव्हता. आमच्या पालकांनी भाड्याचे बैल आणून उशिरा पेरणी केली. सहामाही परीक्षेच्या वेळी ते भेटले, तेव्हा पूर्वीसारखाच नमस्कार केला. बैलांविषयी अवाक्षर काढले नाही. आम्हांस मान वर करवेना.

त्यानंतर मात्र आम्ही हा विषय नेटाने अभ्यासिला. आधी अभ्यासावयास हवा होता, हे खरे.

विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागरावर एरव्ही पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात. ते तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटतात, आणि इकडे पेरू देशाच्या किनाऱ्यावर खालचे थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्यावर मासळी पोसते. काही वर्षांच्या अंतराने, दोन ते सात वर्षांनी म्हणा, हे वारे ढिले पडतात आणि उष्ण पाणी पूर्वेकडे परतते. पेरूच्या कोळ्यांना हे ऊन पाणी नाताळच्या सुमारास जाणवे, म्हणून त्यांनी त्यास 'एल निनो', म्हणजे बाळ ख्रिस्त, हे नाव दिले. इतके गोड नाव आणि करणी अशी! पाण्यामागोमाग ढगही पूर्वेकडे सरकतात, आणि आपल्याकडील मोसमी वारे पुष्कळदा दुबळे होतात.

या कोड्याचा एक मोठा धागा हिंदुस्थानातच सापडला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. १८७७ च्या आणि १८९९ च्या भीषण अवर्षणांनंतर पाऊस आधी कसा ओळखावा, ही सरकारी वेधशाळेची मोठीच विवंचना होती. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती त्या खात्याचे प्रमुख झाले. यंत्रगणकांचा तो काळ नव्हे. जगभरच्या नोंदी गोळा करून येथल्या कारकुनांकडून त्यांनी हातांनी हिशेब करविले. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, आणि उलटही घडते, हा झोपाळा त्यांना त्या आकड्यांत दिसला. त्याचे समुद्राच्या उष्णतेशी असलेले नाते मात्र याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये उलगडले. वॉकर तोवर हयात नव्हते.

समुद्राची उष्णता एका दिवसात हलत नाही. ती पृष्ठभागाखाली महिनोनमहिने साठते आणि पूर्वेकडे सरकावयास तिला दोनेक महिने लागतात. म्हणून आकाशाचे भाकीत आठ-दहा दिवसांपलीकडे डळमळते, तरी समुद्राचे काही महिने आधी करता येते. १९८५ ते १९९४ या काळात विषुववृत्तालगत सुमारे ७० बोये नांगरून ठेवण्यात आले. ते ५०० मीटर खोलीपर्यंतचे तापमान कळवू लागले. तथापि मार्च ते मे या दिवसांत वारा आणि पाणी यांची जोड सैल पडते, आणि त्यापूर्वी केलेले भाकीत पुष्कळदा फसते. आमच्या शेतकऱ्याला बियाण्याची तजवीज करावयाची असते ती नेमकी याच दिवसांत!

शिवाय महासागर एकच नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळांपैकी एक, तरी त्या वर्षी आपल्या देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्याहून सौम्य, आणि पाऊस १९ टक्क्यांनी उणा. २०१९ मध्ये तर एल निनो मुळात अशक्त होता व पावसाळ्यातच ओसरला. उलट हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूस तापला आणि सुमात्राच्या बाजूस निवला, जे आपल्या पावसास बहुधा अनुकूल असते. आम्ही एकाच समुद्राकडे पाहून बोललो होतो. योसेफाने फारोला सुकाळाची व दुष्काळाची वर्षे मोजून सांगितली, पण त्याला ते देवाने कळविले होते. आम्हांला वर्तमानपत्राने कळविले होते.

२०२३ च्या मे महिन्यात तेच पालक पुन्हा आले. वर्तमानपत्रांत पुन्हा एल निनो होता. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. आम्ही सांगितले की, पाऊस कमी पडण्याचा संभव नेहमीपेक्षा अधिक आहे, परंतु आपल्या शिवारात काय होईल हे त्यावरून निघत नाही. बैल ठेवावे, कडबा राखावा, आणि सगळे बियाणे एकदम मातीत घालू नये.

ते थोडा वेळ विचार करीत राहिले. मग हसून म्हणाले, "म्हणजे गुरुजी, तुम्हांलाही ठाऊक नाही."

"नाही," आम्ही म्हणालो.

त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला. सप्टेंबरात त्यांचा मुलगा वर्गात म्हणाला की, घरचा कडबा अजून पुरतो आहे.